दोघांपुरतं दार

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात एकच माणूस मारला, आणि तोही कागदावर. जहाजावरचा स्वयंपाकी होता बिचारा. या गोष्टीला बत्तीस वर्षं झाली.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. शाळेत भूगोल शिकवायचे आणि सुट्टीत लिहायचे. त्यांनी लिहिलेल्या सात पुस्तकांपैकी सहा कुणालाही आठवत नाहीत, त्यांना स्वतःलासुद्धा नीट आठवत नाहीत. पण एक कादंबरी अशी काही चालली की अजूनही अनोळखी माणसं रस्त्यात थांबवून विचारतात, "तुम्हीच ना ते, स्वयंपाक्याला बुडवणारे?"

गोष्ट साधी आहे. धुक्यात जहाज खडकावर आपटून बुडतं. जहाजावरचा स्वयंपाकी आणि एक तरुण शिंपीण, दोघं पाण्यात पडतात. जहाजाच्या स्वयंपाकघराचं दार निखळून तरंगत येतं. तो तिला दारावर चढवतो आणि स्वतः कड धरून पाण्यात राहतो, कारण, आबांनी लिहिलंय, 'दारावर एकाचीच जागा होती.' दीड तासाने बचावाची होडी येते, तेव्हा ती एकटीच असते. पुढची शंभर पानं ती त्याच्याशिवाय कशी जगली त्याची आहेत. मी लग्नाआधी ती वाचून उशी भिजवली होती. त्याच घरात सून म्हणून जाईन असं तेव्हा स्वप्नातही नव्हतं.

गेल्या वर्षी प्रकाशकाने कळवलं की नवी आवृत्ती काढतोय, काही दुरुस्त्या असतील तर महिनाभरात द्या. आबा चष्मा लावून शुद्धलेखन तपासायला बसले. त्याच आठवड्यात ते पत्र आलं. वहीचा फाडलेला कागद, सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेला. आबांनी ते मोठ्याने वाचलं.

"सप्रेम नमस्कार. मी दारं बनवते. तुमच्या कादंबरीत त्या दाराचं माप दिलंय. सात फूट लांब, तीन फूट रुंद, दोन इंच जाड, पाइनचं लाकूड. या मापाची दारं मी शेकड्यांनी केली आहेत. परवा एक दार कामाच्या लाकडी घोड्यांवर आडवं टाकून त्यावर मी आणि आमचे हे झोपून पाहिलं. दोघं मावतो, आणि आमचे हे अंगाने भरलेले आहेत. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर अख्खं दार होतं. मग तो स्वयंपाकी का मेला, एवढं कृपया कळवावं. तेराव्या वर्षापासून विचारायचं होतं, धीर आज झाला."

खाली कारखान्याचा पत्ता आणि फोन नंबर.

आबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घोड्यांवर झोपून पाहिलं म्हणे! मावणं वेगळं आणि तरंगणं वेगळं, एवढं कळू नये?"

सासूबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं."

"काय म्हटलं होतंस?"

"की दोघांनाही ठेवा. तर तुम्ही म्हणालात, तुला लाकडातलं काय कळतं? घ्या, आता लाकडातलं कळणारीच विचारतेय."

पुढचे दोन दिवस हॉस्पिटलमधून मी दमून घरी आले की आबा टेबलाशी बसून कागदावर काहीतरी आकडे मांडतायत, पुन्हा खोडतायत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तुझी सुट्टी कधी आहे? जरा त्या बाईंच्या कारखान्यात जाऊन येऊ."

"भांडायला?"

"छे गं. विचारायला."

कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड, वर पत्रा, खाली भुसा. भिंतीला टेकवून दारं उभी होती, नुसती दारं, कुठेच न उघडणारी. एक बाई रंधा मारत होती. पंचेचाळिशीची असेल, कानामागे पेन्सिल, पापण्यांवरसुद्धा लाकडाची पूड. आबांनी नाव सांगितल्यावर तिने रंधा खाली ठेवला आणि हात पदराला पुसले. आम्ही घरी तिला दारवाली म्हणायला लागलो होतो, तेच नाव पुढे तिच्या तोंडावरही निघून गेलं आणि ती हसली. तेव्हापासून ती आमची दारवालीच.

"सर, रागावलात का?" तिने विचारलं.

"रागावलो होतो. आता उत्सुकता आहे," आबा म्हणाले. "मला सांगा, हे दार पाण्यात किती वजन उचलेल?"

तिला तेवढंच हवं होतं. तिने एक फळी ओढली आणि तिच्यावरच हिशेब मांडला. दार पूर्ण बुडालं तर साधारण शंभर लिटर पाणी बाजूला सारणार. दाराचं स्वतःचं वजन पन्नास किलोच्या आसपास. म्हणजे वर पन्नास किलो भार पेलला जाईल. मग तिची पेन्सिल थांबली.

"तुमच्या शिंपिणीचं वजन किती होतं, सर?"

आबा चाचरले. "मी... फुलासारखी, असं लिहिलंय."

"ते वाचलंय मी. पण फुलाचे किलो किती धरू?"

मी मध्ये पडले. "धडधाकट बाई, अंगात ओले कपडे, पायात बूट. साठ धरा."

तिने साठ लिहिलं. पन्नासाखाली साठ. आम्ही तिघं त्या फळीकडे बघत राहिलो.

"म्हणजे," आबा हळूच म्हणाले, "ती एकटीसुद्धा दारावर कोरडी राहिली नसती?"

"नाही. दार तिच्याखाली बुडालं असतं. ती अर्धी पाण्यातच." दारवालीचा चेहरा पडला. "एकतीस वर्षं मी जागेचा विचार करतेय. वजनाचा केलाच नाही. मीच हरले, सर."

पण आबांचा चेहरा खुलला होता. वर्गात एखाद्या पोराने त्यांना न सुचलेला प्रश्न विचारला की ते असे दिसत असणार. "हरलात कुठे? तुम्ही म्हणता दोघांची जागा, मी म्हणतो एकाची, आणि हिशेब म्हणतो एकाचीही नाही. तरी ती दारावर आहे आणि जिवंत आहे, असं लोक एकतीस वर्षं मानतायत! बाई, हे पाण्यात टाकून बघितलं पाहिजे."

जलतरण तलावाचा जीवरक्षक आबांचा जुना विद्यार्थी. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्याला सगळे शिट्टीच म्हणतात. मंगळवारी सकाळी तलाव साफसफाईसाठी बंद असतो, तेव्हा दोन तास देतो म्हणाला. अट एकच घातली, आबांनी तरंगण्याचं जाकीट घालायचं. मीही एक अट घातली, मी म्हणेन तेव्हा बाहेर यायचं. सासूबाईंनी कुठलीच अट घातली नाही. त्या चहाचा थर्मास आणि चार टॉवेल घेऊन आमच्याबरोबर निघाल्या. "चौऱ्याहत्तराव्या वर्षी हे पाण्यात उतरणार, आणि मी घरी बसून काय करू? लोकांकडून ऐकू?"

दारवालीने टेम्पोतून दार आणलं. कादंबरीतल्या मापाबरहुकूम, कडा साफ केलेलं, कुलपाचं भोकसुद्धा पाडलेलं. शिट्टीने आणि तिने ते पाण्यात सोडलं. दार डुलत डुलत तलावाच्या मध्यावर गेलं आणि फार ऐटीत तरंगायला लागलं. आता यात काय अवघड, असंच वाटलं.

पहिल्यांदा दारवाली एकटी चढली. ती अंगाखाली दार ओढू बघायची, तर दार उभं व्हायचं. पाचव्या खेपेला जमलं, आणि ती पालथी पडल्याबरोबर दार तिच्याखाली दिसेनासंच झालं. पाण्यावर नुसती एक बाई झोपली आहे, असं दिसत होतं. पाणी तिच्या पाठीवरून वाहत होतं.

"हिशेब बरोबर आहे!" ती तिथूनच ओरडली. हरल्याचं दुःख वगैरे पार विसरली होती.

मग आबा उतरले. पोहता यायचं त्यांना, पण तरुणपणातलं. ते तिच्या शेजारी चढायला गेले आणि दार त्यांच्या बाजूने खाली गेलं, पलीकडची कड थेट आकाशात. दोघं पाण्याखाली. शिट्टीने उडी मारली. आबा खोकत वर आले, पांढरे केस कपाळाला चिकटलेले, आणि म्हणाले, "पुन्हा."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आबा पायांकडून चढले, तर दार होडीच्या नाकासारखं वर उठलं आणि दारवाली घसरून त्यांच्या डोक्यावर आली. लेखकाला वाचक पाण्यात पाहतात हे ऐकलं होतं, इथे ते डोळ्यांसमोर चाललं होतं. चौथ्या खेपेनंतर मी आबांना काठावर बसवून नाडी मोजली. एकशे दहा.

"आता पुरे," मी म्हटलं.

"म्हणजे मी बरोबर होतो," आबा धापा टाकत म्हणाले. पण आवाजात आनंद नव्हता. "दोघं चढायला गेले असते तर दोघंही बुडाले असते."

सासूबाई खुर्चीतून उठल्या. थर्मास खाली ठेवला. "तुम्ही दोघं एकाच बाजूने का चढताय?"

"मग कसं चढायचं?"

"चढायचंच कशाला? चादरीची घडी घालताना आपण कसे उभे राहतो? एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोघं एकीकडे उभे राहिलो तर घडी होईल का? एकाने या बाजूने छाती टेकवायची, दुसऱ्याने समोरून. पाय राहू देत पाण्यात. आणि मधे एकमेकांचे हात धरायचे."

दारवालीने कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं झालं होतं.

"दारवालीबाई दमल्यात," सासूबाई म्हणाल्या आणि चपला काढायला लागल्या. "सरका."

"आई, तुम्ही?" मी म्हटलं.

"का? त्या शिंपिणीनेही पोहायचा पोशाख घातला नव्हता."

सत्तर वर्षांची माझी सासू साडी खोचून, जाकीट घालून, शिडीने पाण्यात उतरली. आबा दाराच्या एका लांब बाजूला, त्या समोरच्या. शिट्टीने एक दोन तीन म्हटलं, आणि दोघांनी एकाच वेळी पुढे झेप घेतली. दार थोडं दबलं, डुललं आणि स्थिर झालं. दोघांची छाती, हात, डोकी वर. कमरेखालचं अंग पाण्यात, तिथे वजन पाण्यानेच उचललेलं. दाराच्या मधोमध त्यांनी एकमेकांची मनगटं धरली होती. तोंडं इतकी जवळ होती की आबांच्या नाकावरून गळणारं पाणी सासूबाईंच्या हातावर पडत होतं.

"जमलं की हो," आबा म्हणाले.

"बोलू नका, हलतं."

मी घड्याळ लावलं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. जाकिटांचा आधार नको म्हणून शिट्टीने जपून दोघांची जाकिटं काढली आणि स्वतः हाताच्या अंतरावर थांबला. तरीही दार तसंच. अर्ध्या तासाने मीच त्यांना बाहेर काढलं, कारण आबांचे ओठ फिकट झाले होते. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आपण सगळ्यात मोठी गोष्ट धरलीच नाही.

"या पाण्याचं तापमान किती?" मी शिट्टीला विचारलं.

"सव्वीस."

"आबा, तुमच्या समुद्राचं किती होतं?"

टॉवेलात गुंडाळलेल्या आबांनी चहाचा घोट घेतला. "बर्फासारखं पाणी, असं लिहिलंय."

"म्हणजे किती?"

"अगं, ती उपमा आहे!"

"उपमेने मेला होय तो?" सासूबाई म्हणाल्या. दारवालीला हसताना ठसका लागला.

चहा पिता पिता मी त्यांना सांगितलं, आम्हाला तातडीच्या विभागात काय शिकवतात ते. बर्फाळ पाण्यात पडलेल्या माणसाचा पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात राहत नाही, त्यातच पुष्कळ जण जातात. मग साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात. त्यानंतर बोटं आपली राहत नाहीत. शुद्ध मात्र तासभर टिकू शकते, आणि छाती पाण्याबाहेर असेल तर आणखी थोडी.

"म्हणजे तुमच्या दीड तासाच्या होडीपर्यंत दोघं तगले असते का? आईंनी सांगितलं तसं धरलं असतं, तर मी नाही म्हणणार नाही. मनगटं पट्ट्याने बांधली असती तर अजून बरं. पण हे सगळं पहिल्या दहा मिनिटांत."

"आम्हाला किती वेळ लागला?" आबांनी विचारलं.

शिट्टीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पावणेदोन तास, सर."

रविवारी दारवाली आमच्याकडे बर्फाची लादी घेऊन आली, पोत्यात गुंडाळून. आबांना पट्ट्याचं प्रकरण स्वतः पाहायचं होतं. मी त्यांचा रक्तदाब तपासला आणि फक्त हात बुडवायची परवानगी दिली, तीही चार मिनिटं. टबात बर्फाचे तुकडे आणि पाणी. आबांनी दोन्ही हात मनगटापर्यंत आत घातले आणि श्वास ओढून घेतला. पहिल्या मिनिटाला म्हणाले, दुखतंय. दुसऱ्याला म्हणाले, फार दुखतंय. तिसऱ्याला काहीच म्हणाले नाहीत. चौथ्याला मी हात बाहेर काढले आणि त्यांच्यासमोर त्यांचाच कमरेचा पट्टा ठेवला. रोज सकाळी न बघता लावतात तो. त्यांना बक्कल धरता येईना. बोटं लाल झालेली, लाकडाच्या खुंट्यांसारखी. त्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि पट्टा खाली पडला.

सासूबाईंनी त्यांचे हात स्वतःच्या हातांत घेतले आणि कोरड्या फडक्यात धरून ठेवले.

"एकतीस वर्षं लोक मला विचारतायत," आबा म्हणाले, "आणि मी सांगतोय जागा नव्हती. खरं सांगू? मी विचारच केला नव्हता. सुट्टी संपत आली होती, शाळा सुरू व्हायची होती, आणि दोघं जगले तर पुढे काय लिहायचं ते सुचत नव्हतं. त्याला बुडवलं आणि मोकळा झालो."

दारवाली टबाशेजारी उकिडवी बसली होती. ती रागावेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "सर, मग आता काय करणार?"

प्रकाशकाने दिलेली मुदत बारा दिवसांवर आली होती. आबांनी आधी दोघांना जगवून पाहिलं. समोरासमोर छाती टेकवलेले, होडी येते, दोघांना वर घेतात. चार पानं झकास झाली. सासूबाईंनी वाचली आणि म्हणाल्या, "छान. आता पुढची शंभर पानं?"

पुढची शंभर पानं म्हणजे त्या शिंपिणीचं दुकान, तिचे एकटेपणाचे दिवस, त्याच्या बहिणीला शोधत जाणं. तो जिवंत असेल तर यातलं काहीच घडत नाही. आबांनी आठवडाभर डोकं खाजवलं. एकदा तर स्वयंपाक्याला दुकानात आणून बसवलं, पण तो तिथे नुसताच बसून राहिला. त्याला काही कामच नव्हतं. आबा सासूबाईंना म्हणाले, "मला जमत नाही गं."

"मग मरू दे त्याला," त्या म्हणाल्या. "पण आयता मारू नका. धडपडू दे."

म्हणून आबांनी तो प्रसंग नव्याने लिहिला. नऊ पानं. 'दारावर एकाचीच जागा होती' हे प्रसिद्ध वाक्य काढून टाकलं. प्रकाशकाचा फोन आला, तो जवळजवळ रडत होता, आबांनी ऐकलं नाही. आता दोघं एकाच बाजूने चढायला जातात आणि दार उलटतं. पुन्हा चढतात, पुन्हा उलटतं. मग शिंपिणीला, कापड ताणून धरायची सवय असल्यामुळे, सुचतं की समोरून यावं. ते समोरासमोर येतात. दार स्थिर होतं. ती त्याला म्हणते, पट्टा काढ, मनगटं बांधू. तो पट्टा काढतो, पण बोटं बक्कल धरत नाहीत. तिचीही धरत नाहीत. पट्टा पाण्यात जातो. मग दोघं नुसते हात धरून राहतात, बोलत राहतात, आणि धुक्यात कधीतरी तिला कळतं की आपण एकटीच बोलतोय.

मी ती पानं रात्रपाळीहून येऊन, उभ्या उभ्याच वाचली. मग चहा न घेता झोपले.

पुस्तक निघालं तेव्हा काही जुने वाचक चिडले. एकाने लिहिलं, आमचं वाक्य कुठे गेलं? दुसऱ्याने कळवलं की पट्ट्याऐवजी स्वयंपाक्याचा अंगरखा का वापरला नाही. आबांनी त्याला उत्तर पाठवलं की प्रश्न रास्त आहे, ओल्या कापडाला गाठ मारून बघतो आणि कळवतो. आणि खरंच बघत बसले.

दारवालीला आम्ही पहिली प्रत पाठवली होती. महिनाभर तिचा काहीच निरोप नाही. आबा रोज विचारायचे, फोन आला का. शेवटी एका दुपारी आला. मागे करवतीचा आवाज चालू होता, तिने ओरडून कुणाला तरी ती बंद करायला सांगितली.

"सर, वाचलं. दोनदा वाचलं."

"मग?" आबांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता. "तो मेल्याचं वाईट वाटलं?"

"तिथे नाही रडले मी, सर. तिथे म्हटलं, ठीक आहे, त्याने करायचं ते सगळं केलं. रडले ते आधी. दोघं समोरासमोर आले आणि दार हलायचं थांबलं ना, तिथे."